वडिलांची जावा: आधी चालू करा, रंगाचं नंतर बघू

या वेळचं पत्र एका ताईंचं आहे. जरा लांब होतं, थोडं कापून देतो:

'बाबा आता 74 वर्षांचे आहेत. त्यांची जावा 250 घरामागच्या शेडमध्ये 16 वर्षं उभी आहे. सुरुवातीला ते अधूनमधून पुसायचे, मग गुडघे धरले आणि तेही थांबलं. आता किक खाली जातच नाही. टाकीत टॉर्च मारला तर नुसता तांबडा गंज दिसतो. एका वर्कशॉपवाल्यांना दाखवली. ते म्हणाले, पूर्ण खोलू, सिलिंडर बोअर करू, पोचा काढू, रंग आणि क्रोम नवं करू, शोरूममधून आणल्यासारखी देऊ. भाऊ म्हणतो, विकून टाक. मला मात्र ती घरीच, स्वतःच्या हातांनी करायची आहे. सायकलचं पंक्चर काढण्यापलीकडे मी काही केलेलं नाही. चार महिन्यांनी बाबांचा वाढदिवस आहे, तेव्हा नवीकोरी जावा समोर उभी करून त्यांना चकित करायचंय. जमेल का? सुरुवात कुठून करू?'

ताई,

जमेल. पण पत्रातले दोन शब्द आधी सोडून द्या. एक 'नवीकोरी' आणि दुसरा 'चकित'.

चकितचं आधी सांगतो. या गाडीची सगळ्यात चांगली सर्व्हिस-बुक तुमच्या घरात, तुमच्या शेजारच्या खोलीत बसली आहे, आणि तुम्ही तिच्यापासूनच गाडी लपवायला निघाला आहात. जावाची किक आणि गिअर ही एकच दांडी असते. गिअर टाकायला ती दाबली की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची सेटिंग जरा हुकली तरी गाडी गिअर टाकताना झटका देते किंवा पहिल्या गिअरमध्ये पुढे ओढत राहते. तुमच्या बाबांची ती सेटिंग कुठे बसायची, पेट्रोलमध्ये ते ऑइल किती घालायचे, थंड इंजिनाला किती वेळा टिकलर (कार्ब्युरेटरवरचं जादा पेट्रोल सोडणारं बटण) दाबायचे, शेवटच्या वर्षी कुठला आवाज यायला लागला होता, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही. शेडमध्ये त्यांच्यासाठी एक पाठ असलेली खुर्ची ठेवा. गुडघे गेले असतील, कान गेलेले नाहीत.

चार महिन्यांची मुदतही त्यांना सांगू नका, स्वतःलाही घालून घेऊ नका. जुन्या गाडीचं काम तारखेला बांधलं की माणूस बोल्टवर जोर लावायला लागतो, आणि जोर लावला की आटे जातात.

आता 'नवीकोरी'. वर्कशॉपवाल्यांनी वाईट हेतूने सांगितलं असं मी म्हणत नाही, त्यांचं काम तेच आहे. पण पूर्ण खोललेल्या जुन्या मोटरसायकली मी फार पाहिल्या आहेत: इंजिन एका खोक्यात, चाकं माळ्यावर, नट-बोल्ट एका डब्यात एकत्र, आणि मालकाचा उत्साह कधीच संपलेला. उभी गाडी निदान गाडी असते. खोललेली गाडी परत उभी राहीपर्यंत भंगारच. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी ती जशी आहे तशी चालू करायची, मग थांबवता येईल अशी करायची, मग रस्त्यावर न्यायची. रंगाचा विचार त्यानंतर, आणि तोही करावा लागेलच असं नाही.

पहिल्या दिवशी पाना हातातच घेऊ नका. फोनवर फोटो काढा, शंभर झाले तरी चालतील. प्रत्येक वायर कुठून कुठे जाते, केबल हँडलच्या कुठल्या बाजूने वळते, कुठल्या बोल्टखाली वायसर आहे. चासी आणि इंजिनवरचे कोरलेले नंबर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवून घ्या आणि कागदपत्रांशी ताडून पाहा. त्या नंबरांवर पुढे कुणालाही वाळूचं ब्लास्टिंग करू देऊ नका, ग्राइंडर लावू देऊ नका, जाड रंगाखाली बुजवू देऊ नका. गाडीची ओळख तिथेच असते. नंबरांवरून आणि चणीवरून तुमची गाडी कुठल्या सालची, कुठल्या मॉडेलची तेही नक्की करा. जावा 250 या एकाच नावाखाली बरीच मॉडेलं येऊन गेली. 1954 पासून निघालेलं 353 मॉडेल, म्हणजे मागे स्विंग-आर्म (मागचं चाक धरून वरखाली होणारा दांडा), 16 इंची चाकं, एकच सिलिंडर पण सायलेन्सर दोन, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यातही मधल्या काळात लहानसहान भाग बदलत गेले. मॉडेल न ओळखता सुटे भाग मागवले की निम्मे बसत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, किकची. किक जात नाही म्हणजे इंजिन जाम, असा अर्थ लगेच काढू नका, आणि किकवर कुणालाही उभं राहू देऊ नका. भावालाही नाही. मी 22 वर्षांचा असताना माझ्या पहिल्या टू-स्ट्रोकवर (जावाही टू-स्ट्रोकच) हेच केलं होतं. गाडी पाच वर्षं उभी होती, किक अडली, मी सगळं वजन टाकलं. 'टक्' असा एक बारीक आवाज आला आणि किक खाली गेली. मला केवढा आनंद झाला. तो आवाज पिस्टन रिंग तुटल्याचा होता. टू-स्ट्रोकच्या सिलिंडरच्या भिंतीत पोर्ट म्हणजे खिडक्या असतात. रिंगचा तुकडा त्या खिडकीच्या कडेला अडकला आणि पिस्टनबरोबर वरखाली होत त्याने भिंत वरपासून खालपर्यंत ओरबाडली. तो सिलिंडर अजून माझ्या कपाटात आहे. बोटाचं नख फिरवलं तर चर लागते.

तुम्ही असं करा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का बघा. प्लग काढा. प्लगच्या भोवती माती साचलेली असते, ती आधी ब्रशने साफ करा, नाहीतर सगळी आत पडते. मग डायनामोवरचं झाकण काढा. तिथे क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या दांड्याच्या, टोकाला बोल्ट दिसेल. त्याला बरोबर मापाचा पाना लावून, बोल्ट घट्ट होण्याच्याच दिशेने, मनगटाच्या जोराने हलकेच फिरवून पाहा. क्रँक हलला तर इंजिन मोकळं आहे, अडचण किकच्या यंत्रणेत किंवा क्लचच्या बाजूला आहे. नाही हलला तर पिस्टन चिकटला आहे. पण चिकटण्याची कारणंही दोन असतात. पेट्रोल उडून गेलं की मागे ऑइलचा डिंकासारखा थर राहतो, तो पिस्टनला धरून ठेवतो. हे सोपं प्रकरण. दुसरं म्हणजे रिंगांच्या रेषेत धरलेला गंज, त्याला धीर लागतो.

दोन्हीवर पहिला उपाय एकच. प्लगच्या भोकातून गंज सोडवणारं पातळ ऑइल सोडायचं. ते नसेल तर डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं. इथे फोर-स्ट्रोकवाल्यांच्या सल्ल्याने जाऊ नका. त्यांचं ऑइल पिस्टनवर साचून राहतं, आपलं पिस्टन खाली असेल तर पोर्टमधून सायलेन्सरात निघून जातं. म्हणून एक्झॉस्टचे पाइप काढून ठेवा आणि पोर्टमधून टॉर्चने आत बघा. पिस्टनची बाजू दिसेल, कधीकधी रिंगही दिसते. पिस्टन वर असेल तर पोर्टमधून त्याच्या अंगावरही ऑइल मारता येतं. रोज सकाळी थोडं ऑइल, रोज संध्याकाळी बोल्टला हलकासा झोका, पुढे आणि मागे. मागे नेताना तर अगदीच हलक्या हाताने, नाहीतर बोल्टच सुटतो. आठवडा गेला, दोन आठवडे गेले तरी चालेल. ज्या दिवशी तो केसभर हलेल त्या दिवशी तिथेच थांबा, परत ऑइल घाला, दुसऱ्या दिवशी पुढे जा. मिळालेल्या जागेतच पुढे-मागे करत राहायचं, म्हणजे गंजाची भुकटी ऑइलबरोबर बाहेर येते. तीन आठवड्यांत काहीच झालं नाही तर हेड आणि सिलिंडर उतरवावं लागेल. ते काम कुणाच्या तरी शेजारी बसून करा, एकटीने नको.

पिस्टन मोकळा झाला की सिलिंडर बोअर करायलाच हवा का? आधी मोजल्याशिवाय नाही. जावाचा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिमी. घासलेल्या सिलिंडरसाठी पिस्टन साधारण 0.25 मिमीच्या टप्प्यांनी मोठे मिळतात, आणि प्रत्येक बोअरिंगला भिंतीचा एक थर कायमचा जातो. तुमच्या बाबांनी आधी किती टप्पे वापरलेत ते पिस्टनच्या डोक्यावर कोरलेल्या आकड्यावरून कळेल. भिंतीवर नख अडकेल असा ओरखडा नसेल, माप हद्दीत असेल, तर नव्या रिंगा पुरतात. सवयीने बोअर करणं म्हणजे पुढच्या माणसाचा सिलिंडर आज खाऊन टाकणं.

एका बाबतीत मात्र मी काटकसर करू देणार नाही: क्रँकची ऑइल सील. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकचा कप्पा हवाबंद असावा लागतो, कारण पेट्रोलचं मिश्रण आधी तिथेच येतं. 16 वर्षांत त्या सीलचं रबर कडक होऊन बसलेलं असणार. डायनामोच्या बाजूने ते फुटलं तर हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन उगाचच भरधाव फिरतं, रेस सोडली तरी उतरत नाही, आणि गरम होऊन पिस्टन धरतो. प्रायमरीच्या, म्हणजे क्रँककडून क्लचला जाणाऱ्या साखळीच्या, बाजूने फुटलं तर गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, पांढरा दाट धूर निघतो आणि गिअरबॉक्स रिकामी होत जाते. ही दोन लक्षणं तोंडपाठ करून ठेवा. सीलबरोबर कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंगही तपासा. रॉड वर-खाली अजिबात हलता कामा नये, आडवा थोडा हलला तर चालतं. टू-स्ट्रोकच्या या बेअरिंगला पेट्रोलमधल्या ऑइलशिवाय दुसरं ऑइल मिळत नाही, आणि इतकी वर्षं ते दमट हवेत कोरडं बसलंय. क्रँक दाबून उघडणं, बोअर करणं, वेल्डिंग, ही कामं बाहेरच्यांची. ती घरी होत नाहीत आणि करूही नयेत. तुमच्या वर्कशॉपवाल्यांना हे काम द्या की. फक्त पूर्ण गाडी न देता तेवढा भाग घेऊन जा.

पिस्टन ऑइलात भिजत असताना टाकी हातात घ्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण आत पेट्रोलची वाफ राहिलेली असते. तिच्याजवळ ठिणगी नको, आणि ती कुणालाही सरळ वेल्डिंगला देऊ नका. उरलेलं पेट्रोल काढा, कॉक काढून भोक बंद करा, साबणाच्या पाण्याने दोनतीनदा विसळा. मग लिंबूसत्व, लिटरभर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम, टाकी काठोकाठ भरून दिवसभर ठेवा. जाड पापुद्रे असतील तर त्याआधी एक बारीक साखळी दोरीला बांधून आत सोडा आणि टाकी हलवा. दोरी बांधायची ती साखळी परत निघावी म्हणून. लिंबूसत्वाचा ओघळ बाहेरच्या क्रोमवर आणि रंगावर येऊ देऊ नका, आला तर लगेच पाण्याने धुवा. गंज गेला की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने विसळा, गरम हवेने पूर्ण सुकवा आणि त्याच क्षणी आत थोडं टू-स्ट्रोक ऑइल फिरवा. उघडं लोखंड तासाभरात परत तांबूस व्हायला लागतं. आतून लेप लावण्याचा आग्रह होईल. टाकीला भोकं नसतील तर लावू नका. काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात आणि कार्ब्युरेटरात जाऊन बसतात.

कार्ब्युरेटर साफ करताना जेटमध्ये (पेट्रोल मापून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यात) तार घालू नका, सुईही नाही. ते पितळ मऊ असतं, भोक कणभर मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. जेट क्लीनरमध्ये भिजवा, हवेने फुंका, उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. फ्लोट (कार्ब्युरेटरातला तरंगता पोकळ गोळा) कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय. पेट्रोलची नळी आणि रबरी वायसर सगळे नवे घ्या. हल्लीच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी शोषून घेतं.

स्पार्क नाही म्हणून लोक आधी कॉइल बदलतात. इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीत पहिला संशय पॉइंटवर, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उघडझापीवर, घ्यावा. पॉइंटच्या दोन टिकल्यांवर दिसणारही नाही असा मळकट थर बसतो आणि सहा व्होल्टला तो ओलांडता येत नाही. बारीक पॉइंट फाइलने दोनतीन हलके हात मारा, मग कोऱ्या कागदाची पट्टी मध्ये धरून ओढा, काळी रेघ यायची थांबेपर्यंत. पॉलिश पेपर नको, त्याचे कण आत रुततात. अंतर फिलर गेजने 0.4 मिमी. पॉइंट उघडताना त्यांच्यात ठसठशीत ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर गेलाय. नवी बॅटरी जोडण्यापूर्वी तिचं कुठलं टोक चासीला जायचं ते जुन्या फोटोंत बघा, सगळ्या जुन्या गाड्यांत ते एकसारखं नसतं. कुणीतरी सांगेल की सहा व्होल्ट काढून बारा व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा. माझा त्याला विरोध नाही, दिव्याच्या उजेडात खरोखर फरक पडतो. पण गाडी आधी तिच्या स्वतःच्या वायरिंगवर चालू दे, आणि नंतर बदललंच तर काढलेला प्रत्येक भाग नाव लिहून जपून ठेवा.

ब्रेक ड्रम उघडताना तोंडाने किंवा हवेने फुंकू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ फुप्फुसात जाणं घातक. मास्क लावा, पाणी फवारून ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. लायनर शूला चिकटवलेला असेल तर तो सुटत तर नाही ना बघा. टायर वरून कितीही चांगले दिसले तरी बदला. ब्रेक आणि क्लचच्या केबलही नव्या घ्या, त्या टोकाच्या गोळीपाशी आतल्या आत तुटत आलेल्या असतात. चाक उचलून पान्याने प्रत्येक तारेवर टिचकी मारा. ताठ तार टणकन वाजते, सैल तार बद्द वाजते. हे काम बाबांना द्या.

आता रंग. तुम्ही पत्रात शेवटी लिहिलं होतं की टाकीच्या डाव्या बाजूला एक पोचा आहे, लहानपणी तुमची सायकल तिच्यावर आपटली होती तेव्हाचा. वर्कशॉपवाले तो लांबी (पुटी) भरून काढणार होते. ताई, तो पोचा राहू द्या. टाकीच्या झाकणाभोवती पेट्रोल सांडून रंग फिका झालेलं वर्तुळ असेल, गिअरच्या दांडीचं रबर बुटाखाली एका बाजूने झिजलेलं असेल. ते तुमच्या बाबांच्या पायाने झिजलंय. ते काढून तिथे काय बसवणार? जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा 1966 पासून काम करते आहे. 30 वर्षांवरच्या वाहनांना ती ऐतिहासिक मानते, आणि तिच्या टुरिन चार्टरमध्येही आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती आणि अगदी शेवटी पुनर्बांधणी असाच कल आहे. मी तो चार्टर वाचण्याआधी मोडक्या गाड्यांसोबत बसून याच मताला आलो होतो.

आधी सौम्य साबणाने धुवा, मग मऊ फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन एका कोपऱ्यात पाहा. मळाच्या खाली मूळ मरून रंग किती शिल्लक आहे ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. खरी छटा बघायची असेल तर टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बघा, तिथे ऊन कधी पोचलेलं नसतं. क्रोमवरचे गंजाचे ठिपके ॲल्युमिनियमच्या फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घासले की बरेचसे निघतात. जिथे क्रोमच उडालंय तिथे मेणाचा थर द्या. ज्या भागाचं लोखंड गंजून पातळ होत चाललंय तेवढाच रंगवा.

पहिल्यांदा चालू करायची तेव्हा गाडी शेडबाहेर, मोकळ्या हवेत काढा. एक्झॉस्टचा वायू बंद जागेत जीव घेतो. अग्निशामक हाताशी असू द्या. मूळ टाकी बाजूला ठेवून छोट्या बाटलीतून पेट्रोल द्या, ऑइल मॅन्युअलच्या प्रमाणात घाला. एकास पंचवीस म्हणजे लिटरला 40 मिली. प्लगची टोपी हातात येईल अशी ठेवा, इंजिन आपोआप भरधाव सुटलं तर लगेच खेचता यावी. खेचताना जाड रबरी हातमोजा घाला. सुरुवातीची पाच-सात मिनिटं धूर इतका निघेल की शेजारी बघायला येतील. तुम्ही तीन आठवडे आत ओतलेलं सगळं ऑइल सायलेन्सरातून जळत असतं. धूर निळसर-राखाडी होऊन विरळ होत गेला तर ठीक. पांढरा आणि दाटच राहिला तर बंद करा, आणि वर सीलबद्दल लिहिलंय ते परत वाचा.

किक बाबांना मारता येणार नाही. ती तुम्ही मारा. रेसची मूठ मात्र त्यांच्या हातात द्या, किती उघडायची ते त्यांना बरोबर कळेल. दहा मिनिटं चालवून, गार झाल्यावर प्लग काढा आणि टोकाचा रंग कसा आलाय ते मला कळवा. काळा आणि ओला, विटकरी-तपकिरी की पांढरट? पुढचं जेट कुठलं लावायचं ते त्यावरून सांगतो.